गॅदरिंगची रंगभूषा आणि ड्रेपरी, सांगली : पाचपैकी चार तारे, आणि तो एक का कापला

आधी कामाचं. गॅदरिंगला मुलांना रंगवणाऱ्या आणि नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या अण्णांचे दर हे. चेहऱ्याचे मुलामागे १२० रुपये, समूहनृत्यातल्या मुलांचे ७०. नऊवारी, मावळ्यांचे अंगरखे, फेटे, तलवारी यांचं भाडं नगावर, त्यावर अनामत वेगळी. पेटी, आरसे, स्पंज त्यांचे. खुर्च्या, पाणी, चहा आणि उजेडाची खोली आपली. ऑनलाइन पैसे घेत नाहीत, रोख लागतात. दुपारी जेवणानंतर फोन उचलत नाहीत, उगाच वाजवत बसू नका. पूर्ण नाव आणि नंबर इथे टाकत नाही, कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलं. "डिसेंबर-जानेवारीत आधीच हात पुरंनात बाई, त्यात तुम्ही आणि नेटवर घाला!" सांगली-मिरजेकडच्या प्राथमिक शाळांत सांस्कृतिक विभाग ज्यांच्या गळ्यात पडतो त्या बायकांना अण्णा म्हटलं की कळतं. बाकीच्यांनी हा मजकूर आपापल्या गावच्या रंगभूषाकाराकडून काय मागून घ्यायचं, यासाठी वाचावा.

मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. गॅदरिंगला साठ-सत्तर मुलं तोंडाला रंग लावून स्टेजवर जातात. कपड्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात विशेष काही नाही. अंगरखे धुतलेले असतात, पण ट्रंकेतला डांबरगोळ्यांचा वास जात नाही. जिरेटोप मोठ्या मुलांच्या मापाचे आहेत, आत रुमाल कोंबावा लागतो. तलवारीची एक मूठ निघाली होती, ती त्यांनी जागच्या जागी बसवून दिली आणि अनामतीतून कापून घेतली नाही. दागिने प्लास्टिकचे. नथ चिमट्याची, लहान नाकाला टोचते. ज्या मुलींना जमत नाही त्यांना नथीशिवाय सोडा, काही बिघडत नाही.

मी लिहायला बसले ते चेहऱ्यांमुळे.

गॅदरिंगची रंगभूषा कशी होते ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जाऊन बघा. एक डबा, एक ओला स्पंज आणि रांगेत उभी पोरं. डब्यात एकच रंग असतो, गुलाबीसर पांढरा. तो सगळ्यांना कपाळापासून हनुवटीपर्यंत फासला जातो. कान आणि मान सुटतात. मग गालांवर लाल गोळे, ओठांना लिपस्टिक, पुढचा. पोरं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसतात. मूळची गोरी असतील त्यांचं कसंबसं निभावतं, सावळ्या आणि काळ्या मुलांचा चेहरा मात्र राखाडी पडतो. त्वचेच्या तपकिरी रंगावर पांढरा पातळ थर बसला की खालचा रंग वर डोकावतो आणि दोन्ही मिळून राख होते. त्यात वरून एलईडीचा थंड झोत आला की झालंच. आणि हे सगळं पोराच्या डोळ्यांदेखत चालतं. स्टेजवर उभं राहायचं तर आधी आपला रंग झाकावा लागतो, हे सात वर्षांच्या मुलाला कुणी तोंडाने सांगायची गरजच उरत नाही. घरी जाऊन तोंड धुतलं की पाण्याबरोबर काय वाहून गेलं तेही त्याला बरोबर कळतं.

अण्णांचे वडील संगीत नाटक कंपन्यांबरोबर फिरायचे. सफेदा, पिवडी, हिंगूळ (म्हणजे पांढरा, पिवळा, लाल रंग) आणि काजळ घरी खलून तेलात कालवायचं, तो त्यांचा जमाना. अण्णा हाताशी आले तोवर पॅनकेक नावाचा डब्यातला घट्ट रंग आला होता, पाण्याच्या स्पंजने लावायचा. (हा पॅनकेक मॅक्स फॅक्टरने १९३०च्या दशकात टेक्निकलर सिनेमासाठी काढला. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी तो पॅनकेकच.) विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच सीतास्वयंवराचा खेळ केला, म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, आणि इथला रंगभूषाकार तो आब राखून असतो. गॅदरिंगला आला तरी पेटी उघडायच्या आधी हात जोडतो. आमचे शिपाईमामा त्यावर हसले. मला ते आवडलं.

पेटीत पॅनकेकचे नऊ डबे. प्रत्येकाच्या झाकणावर मार्करने आकडा. मला वाटलं १ म्हणजे उजळ आणि ९ म्हणजे गडद. तसं काही नाही. अण्णांनी जसजसे विकत घेतले तसतसे आकडे टाकले. १ मधलाच कुठलातरी गव्हाळ, ४ सगळ्यात गडद, ७ सगळ्यात उजळ, ६ तांबूस. हे आधी बावळटपणाचं वाटलं, पुढे याचा काय उपयोग झाला ते सांगते.

गेल्या खेपेला आमचं मुख्य नाटुकलं जिजाऊ आणि बाल शिवबाचं होतं. जिजाऊ झाली होती चौथीतली एक मुलगी, तिला इथे मुक्ता म्हणू. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. रंगाने काळी. सावळी म्हणून बाजू मारून नेता येणार नाही इतकी काळी, आणि मी मुद्दाम काळीच लिहिते आहे. ती मुख्य भूमिकेला निवडली गेली तेव्हा स्टाफरूममध्ये एक क्षण शांतता झाली, मग कुणीतरी म्हणालं, "मेकअप असतोच की." शाळांतली ठरलेली वाटणी तुम्हाला ठाऊक असेल. काळं पोरगं असलं तर विठ्ठल नाहीतर राक्षस, गोरी मुलगी असली तर रुक्मिणी किंवा परी, काळी मुलगी असली तर मागच्या रांगेत डोक्यावर टोपली घेऊन. जिजाऊ त्या वाटणीत बसत नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मुक्ताची आई तिला घेऊन आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तेवढं जरा उजळ करायला सांगा हं. जिजाऊ आहे ना." बाई वाईट नाही. मुलीवर जीव आहे तिचा. घरी सासूबाई दर शुक्रवारी पोरीला हळद-बेसन चोळतात, हे तिनेच एकदा पालकसभेत कौतुकाने सांगितलं होतं. आता सांगलीत हळदीला काय तोटा. इथल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. पण चोळून चोळून पोर फार तर पिवळी होईल. १९७५ पासून दुकानांत असलेल्या फेअर अँड लव्हलीने २०२० साली आपल्या नावातून 'फेअर' काढून टाकलं, मुक्ताच्या घरातून मात्र तो अजून निघालेला नाही.

मी अण्णांना काही सांगितलं नाही. सांगणार होते, पण त्याआधीच त्यांनी मुक्ताला खुर्चीत बसवून तिची हनुवटी खिडकीकडे वळवली होती. पहिलं वाक्य, "गालाला काय घासलंय हे?" गालांवर बारीक खरखरीत चट्टे होते. आई म्हणाली, उटणं. अण्णा म्हणाले, "ताई, असल्या कातडीला घासाघाशी केली की बरं झाल्यावर तिथंच डाग पडतो, आणि त्यो आजूबाजूपेक्षा काळा पडतो. उलटंच हुतंय बघा तुमचं." हे खरं आहे. गडद त्वचेला इजा झाली, ओरखडा आला किंवा पुरळ उठलं, की त्या जागी रंगद्रव्य जास्त साठतं आणि डाग कितीतरी दिवस राहतो. त्वचेचे डॉक्टरही हेच सांगतात. पण डॉक्टरांनी सांगितलं असतं तर आईने मान डोलावली असती आणि शुक्रवारी परत बेसन भिजवलं असतं. रंग लावायचा ज्याचा धंदा, तोच घासू नका म्हणतो म्हटल्यावर ती गप्प झाली.

मग त्यांनी गालांवर थोडं व्हॅसलीन लावून पोरीला तशीच बसवली, मागच्या दोघांना आधी उरकलं, आणि पुन्हा तिच्याकडे आले. तीन डबे उघडले. जबड्याच्या कडेला, कान आणि मान जिथे मिळतात तिथे, तीन बारीक रेघा ओढल्या. हातात आरसा दिला.

"सांग बघू, यातली कुठली दिसंना?"

मुक्ताला प्रश्न कळला नाही. मलाही नाही.

"तीन वढल्यात. एक गायब झाली आसंल. हुडीक."

ती आरसा तिरपा करून बराच वेळ बघत राहिली. खिडकीकडे सरकली. एक रेघ पांढुरकी दिसत होती, एक लालसर. "मधली," ती म्हणाली. "मधली दिसतच नाही."

"मग त्योच तुझा."

मधली रेघ चार नंबरची होती. पण अण्णांचं समाधान झालं नाही. गळ्याशी रंग किंचित वेगळा पडतोय म्हणाले. तळहातावर चार नंबर घेतला, त्यात सहाचा एक ठिपका मिसळला, स्पंजच्या टोकाने पुन्हा लावून बघितला, पुन्हा आरसा. "आता?" "आता ही पण गेली." अण्णांनी मान हलवली आणि कामाला लागले. चेहरा, मान, कानांच्या पाळ्या, कानामागे, हाताची पाठ. पातळ हात. वर पावडरही पांढरी नव्हती, त्यात त्यांनी रंग कालवलेला होता. गालांना गुलाबी लावायचं सोडून विटकरी लावलं. ओठांना मातकट लाल. भुवया, काजळ, आडवी चिरी.

या सगळ्यात त्यांनी मुक्ताला "तू सुंदर आहेस" वगैरे एकदाही म्हटलं नाही. "काळा रंगही छान असतो हं" नाही, "पांडुरंग पण काळाच" नाही. हे मी शिक्षिका म्हणून नोंदवून ठेवते. आपण मोठी माणसं अशा मुलांना फार समजावतो, आणि मुलं हुशार असतात. ज्या गोष्टीची समजूत काढावी लागते ती गोष्ट खोटीच असणार, असं ती धरून चालतात. गोऱ्या पोरीची कुणी कधी समजूत काढताना त्यांनी बघितलेलं नसतं. इथे एक म्हातारा कारागीर तिचा रंग बरोबर जुळावा म्हणून कपाळाला आठ्या घालून बसला होता, ठिपक्याठिपक्याने मिसळत होता, चुकला तर पुसून पुन्हा करत होता. तिच्या रंगासाठी कुणी एवढा वेळ काढलेला तिने पहिल्यांदाच बघितला असावा. घरी वेळ जायचा तो रंग घालवण्यासाठी.

आईने शेवटी धीर करून विचारलंच, "अण्णा, थोडी एक शेड वर नाही का घेता येणार?" अण्णा म्हणाले, "जिजाऊ सिंदखेडच्या उनात वाढल्याली बाई. तिला मी पावडर लावून बसवू व्हय?" आई हसली. पटलं असं नाही, पण हसली.

आता आकड्यांचं. रेघांचा खेळ मुलांनी उचलला. रांगेतली पोरं एकमेकांचे जबडे बघून "दिसंना, दिसंना" ओरडायला लागली. ज्याची रेघ गायब होईल तो नंबर. "माझा दोन!" "माझा चार आणि सहा!" "माझा एक आणि पाच, मिक्स!" यात वरचा-खालचा कोण हे ठरवायची सोयच नव्हती, कारण आकडे उजेडाकडून अंधाराकडे जातच नव्हते. आमच्या वर्गातली सगळ्यात गोरी समजली जाणारी मुलगी सात नंबर लावून घ्यायला निघाली. तिला सातची रेघ लख्ख पांढरी दिसली आणि तिचा निघाला एक. म्हणजे आजवर आम्ही सगळ्यांना जो गुलाबी-पांढरा फासत होतो तो शाळेतल्या सगळ्यात गोऱ्या मुलीचाही रंग नव्हता! तो नक्की कुणाचा होता हा प्रश्न मी स्टाफरूममध्ये टाकला. उत्तर आलं नाही.

संध्याकाळी उजेडाची गंमत झाली. लाइटवाल्याने पारकॅन, म्हणजे स्टेजवर झोत टाकणारे दिवे, एलईडीचे लावले होते आणि सगळा झोत निळसर पांढरा सोडला होता. अण्णा विंगेत उभे राहून बघत होते. तडक गेले आणि त्याला म्हणाले, पिवळा सोड, अंबर (पिवळट नारिंगी) सोड, निळा फक्त मागच्या पडद्यावर. लाइटवाला कुरकुरला, मग त्याने बदललं. फरक मी सांगून पटणार नाही, तुम्ही करून बघा. निळ्या उजेडात तपकिरी त्वचा विझते, अंबरमध्ये ती उजळते, म्हणजे गोरी होत नाही, गालाच्या हाडांवर आणि कपाळावर चकाकी येते. गडद त्वचेवर प्रकाश परावर्तित होऊन जो तजेला दिसतो तो पांढऱ्या थराखाली मरतो, हे अण्णांचं म्हणणं. मुक्ताला नऊवारीही त्यांनीच निवडून दिली, हळदी रंगाची, जांभळ्या काठाची. मी मोतिया रंगाची काढून ठेवली होती. ती दुसऱ्या मुलीला नेसवली.

फोटोवाला यांचा नाही, वेगळा असतो, आणि त्याला आधीच बजावा. आमच्याकडे आलेल्याने सगळ्या फोटोंत पोरांचे चेहरे धुवून काढले. अण्णांनी दुपारभर जुळवलेले रंग त्याने एका बटणात घालवले. हे दुखणं जुनं आहे म्हणा. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची नमुन्याची छायाचित्रं असायची, त्यांना शर्ली कार्ड म्हणत, आणि त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा असे. आता फिल्म गेली, पण फोनमधलं ब्यूटी मोड तेच काम न विचारता करतं. यंदा मी मूळ फोटो मागणार आहे, जसेच्या तसे.

आता उणिवा.

पहिली म्हणजे वेळ. अण्णा एका चेहऱ्याला जितका वेळ देतात तितक्यात बाकीचे चार उरकतात. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला, प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत घड्याळ बघत होते आणि मुख्याध्यापक माझ्याकडे. तुमच्याकडे शंभरावर मुलं असतील तर सकाळीच बोलवा, किंवा समूहनृत्यातल्या मुलांना रंगच लावू नका. नुसतं काजळ आणि टिकली पुरते. अण्णांचंही हेच मत आहे. ते स्वतःहून गिऱ्हाईक कमी करतात.

दुसरी, त्यांची पुतणी. मदतीला येते, पार्लरचा कोर्स झालाय, हात चपळ आहे. पण नवरीच्या मेकअपची सवय असल्याने तिच्या रांगेतली सगळी मुलं एक शेड वर निघतात, आणि पहिलीतल्या पोरांच्या नाकाला ती दोन्ही बाजूंनी तपकिरी रेघा मारून नाक सरळ करते. सहा वर्षांच्या मुलाचं नाक सरळ करून काय करायचंय? मी सांगितल्यावर तिने थांबवलं, पण मी तिथे होते म्हणून. मुख्य भूमिकेतली मुलं अण्णांच्याच खुर्चीत बसतील असं आधी बोलून ठेवा.

तिसरी, स्वच्छता. स्पंज प्रत्येकाला वेगळा नसतो, धुऊन वापरतात. काजळाची कांडी तर एकच. डोळे येण्याची साथ असेल तेव्हा हे चालणार नाही. प्रत्येक मुलाने आपलं काजळ आणि स्पंजचा तुकडा घरून आणायचा, अशी चिठ्ठी आम्ही आता पालकांना पाठवतो. त्याच चिठ्ठीत विचारतो, मुलाच्या तोंडाला सध्या कुठली क्रीम लावता? गोरेपणासाठी म्हणून मेडिकलमधून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना आणलेल्या काही ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते, आणि अशा चेहऱ्यावर पॅनकेक लावणं धोक्याचं. नाजूक त्वचेच्या मुलांना आदल्या दिवशी कानामागे थोडा रंग लावून बघा. अण्णा डबा ठेवून जातात, त्याचे पैसे घेत नाहीत.

चौथी उणीव हीच खरी, एक तारा हिने गेला. अण्णांच्या पेटीत खाली एक काळा डबा आहे, आकडा नसलेला. तो कशाला विचारलं तर म्हणाले, "आदिवासी डान्सला." तुम्हीही बघितला असेल हा नाच. कमरेला पानांच्या झालरी, डोक्यात पिसं, हातात भाले, आणि पोरांच्या तोंडाला, हातापायांना काळा रंग फासून त्यावर पांढरे ठिपके. हुर्रर्र करत येतात आणि पालक टाळ्या वाजवतात. पानांचे झगेही अण्णांच्याच ट्रंकेत आहेत, भाड्याने मिळतात. जो माणूस चार आणि सहा ठिपक्याने मिसळतो तोच माणूस दुसऱ्या शाळेत जाऊन चांगल्या पोरांना काळं फासतो, आणि काळं असणं म्हणजे रानटी, हसण्यासारखं, असं त्या स्टेजवरून चारशे लोकांना दिसतं. प्रेक्षकांत मुक्तासारखी पोरगी बसलेली असतेच. वारली, कातकरी, गोंड, भिल्ल, महाराष्ट्रात एवढ्या जमाती, त्यांची लुगडी, दागिने, वाद्यं, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर हातात हात धरून धरलेला फेर, यातलं या नाचात काही नसतं. मी अण्णांशी यावरून वाद घातला. ते म्हणाले, "गिऱ्हाईक मागतंय बाई, मी न्हाई दिला तर दुसरा दील." ते खरं असेल. म्हणून तारा कापला. आमच्या शाळेसाठी तो डबा घरीच ठेवून यायचा, हे मात्र त्यांनी मान्य केलं.

मुक्ताचं पुढे काय झालं, हे कुणी विचारेलच. नाटुकलं छान झालं, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तिच्या आईने फोनवर घेतलेला व्हिडिओ मला दाखवला. म्हणाली, "ओळखू येते की हो." दरवर्षी आपलं पोर कुठलं हे शोधावं लागायचं. आज्जीने मात्र पैसे वाया गेले म्हणून कटकट केली, १२० रुपये देऊन रंग आहे तोच! त्यावर मुक्ता म्हणाली म्हणे, "आज्जी, तोच लावायचा असतो." हे आईने मला सांगितलं, मी ऐकलेलं नाही.

चित्रकलेच्या तासाला गॅदरिंगचं चित्र काढायला दिलं तेव्हा पोरं खडूंच्या डब्यातला तो फिकट गुलाबी खडू शोधत नव्हती. निदान आठवडाभर तरी. तपकिरीवर पिवळा घास, वर थोडा लाल, जबड्याशी धरून बघ, दिसंना का? एकाने सगळे मावळे हिरवे रंगवले, पण तो तसाच आहे. पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, बाई, सगळ्यांचे नंबर वेगळे का असतात? मी सांगितलं, कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी तुझ्या-माझ्यात जवळपास सारख्याच असतात, त्या मेलॅनिन किती आणि कुठल्या तऱ्हेचं बनवतात त्यावर रंग ठरतो, आणि ज्याच्याकडे ते जास्त त्याला उन्हापासून जास्त राखण. मुक्ताने वहीत लिहून घेतलं. लिहून घ्या म्हणून मी सांगितलं नव्हतं.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. वर्गाच्या फोटोला ती त्यानंतरही मागेच जाऊन उभी राहिली. उटण्याचं काय झालं ठाऊक नाही, गालांचे चट्टे मात्र गेले होते. पाचवीला ती दुसऱ्या शाळेत गेली, तिथे कुणाच्या डब्यात कुठला रंग असेल कोण जाणे.

ज्यांना बोलवायचं त्यांच्यासाठी शेवटच्या दोन गोष्टी. दिवाळी झाली की लगेच तारीख घ्या, नाताळानंतर मिळत नाही. आणि मुख्य भूमिकेतल्या मुलांचे फोटो आधी पाठवायला सांगतात तेव्हा ते सकाळच्या उजेडात, दारात उभं करून, साध्या कॅमेऱ्यातून काढलेले पाठवा, म्हणजे कुठले डबे जास्त भरून आणायचे ते त्यांना कळतं. गेल्या खेपेला त्यांचा चार नंबर संपत आला होता. यंदा नवीन घेतलाय म्हणाले, त्याच्यावर दहा लिहिलंय. आम्ही पाचशे रुपये आगाऊ दिलेत आणि सकाळी दहाला बोलावलंय, म्हणजे अकरापर्यंत येतील.